पेट्रोलवर चालणाऱ्या एअर कॉम्प्रेसरमध्ये कोणतं ऑइल टाकायचं?

हायवेवर फिरणारी पंक्चरची गाडी असो, वीज न पोहोचलेल्या साइटवरचं स्प्रे पेंटिंग असो, की शेतात उभ्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरणं असो. जिथे विजेची सोय नाही, तिथे पेट्रोल इंजिनवर चालणारा एअर कॉम्प्रेसर कामाला येतो. परदेशी मॅन्युअलमध्ये त्याला 'गॅस पॉवर्ड' म्हटलेलं असतं. अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल, आपला सिलिंडरमधला गॅस नव्हे.

या यंत्राला ऑइल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण एक नाही, दोन वेगवेगळी ऑइल लागतात, हे अनेकदा लक्षात येत नाही.

दोन ऑइल कशासाठी?

या यंत्राचे दोन मुख्य भाग असतात. एक पेट्रोल इंजिन आणि दुसरा हवा दाबणारा पंप. बहुतेक यंत्रांत इंजिन बेल्टने पंप फिरवतं. दोन्हींत पिस्टन असतो आणि दोन्हींची ऑइलची जागा वेगळी असते.

फरक आहे तो आत काय घडतं यात. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातून काजळी आणि आम्ल तयार होतं. पंपात काहीच जळत नाही. तिथे हवा दाबली जाते, त्यामुळे ती प्रचंड तापते आणि हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं. म्हणजे इंजिन ऑइलला काजळीशी लढायचं असतं, तर पंपाच्या ऑइलला उष्णतेशी आणि पाण्याशी.

इंजिनात कोणतं?

फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचं ऑइल. होंडाचं जीएक्स १६० हे अशा यंत्रांवर दिसणारं छोटं इंजिन आहे. त्यासाठी सर्वसाधारण वापराला एसएई १०डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे आणि साधारण ०.६ लिटर ऑइल लागतं. टू-स्ट्रोकचं ऑइल इथे चालत नाही. पातळी तपासताना यंत्र सपाट जागेवर आणि बंद असायला हवं.

पंपात कोणतं?

डब्यावर 'एअर कॉम्प्रेसर ऑइल' लिहिलेलं, डिटर्जंट नसलेलं ऑइल. पिस्टनच्या पंपांसाठी साधारणपणे आयएसओ व्हीजी १०० ही ग्रेड सांगितली जाते, काही पंपांसाठी ६८ किंवा १५०. आकडा जितका मोठा, तितकं ऑइल दाट. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात फार पातळ ऑइल पुरेसा थर धरत नाही. उलट, कडाक्याच्या थंडीत फार दाट ऑइल असेल तर यंत्र सुरू व्हायला त्रास होतो. डब्यावर 'डीआयएन ५१५०६ व्हीडीएल' असं लिहिलेलं असेल, तर ते ऑइल २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या हवेसाठी योग्य मानलं जातं.

एसएई ३० आणि व्हीजी १०० यांत काय फरक?

इथे दुकानात गोंधळ होतो. मॅन्युअलमध्ये 'एसएई ३०' असतं आणि दुकानदार '१००' नंबरचा डबा पुढे करतो. या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एसएई ३० चा दाटपणा आयएसओ व्हीजी १०० च्या जवळपास असतो, तर एसएई २० चा व्हीजी ६८ च्या जवळपास.

पण दाटपणा सारखा असला म्हणजे ऑइल सारखं झालं, असं नाही. एसएई ३० हे डिटर्जंट असलेलं इंजिन ऑइलही असू शकतं. म्हणून पंपासाठी घेताना डब्यावर 'नॉन-डिटर्जंट' लिहिलंय का, हे पाहा.

इंजिन ऑइल पंपात टाकलं तर?

यंत्र लगेच बंद पडत नाही, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. इंजिन ऑइलमधली रसायनं पाण्याला धरून ठेवतात. ऑइल दुधाळ होतं आणि वंगण कमी पडतं. कॉम्प्रेसर ऑइलमध्ये मात्र पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. कोकणातल्या पावसाळ्यात, थोडा थोडा वेळच यंत्र चालवलं तर हा फरक पटकन दिसतो.

दुसरा धोका मोठा आहे. दाबलेली हवा १५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तिच्यासोबत जाणारं थोडं ऑइल गरम व्हॉल्व्हवर जळून कार्बनचा थर बसतो. थर वाढला की व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, हवा आणखी तापते आणि पाइपमधला कार्बन पेटूही शकतो.

काही कंपन्या स्वतःच पंपासाठी विशिष्ट इंजिन ऑइल सांगतात. तसं असेल तर मॅन्युअलचाच शब्द अंतिम. पंप 'ऑइल-फ्री' असेल तर त्यात ऑइल टाकायचंच नाही.

मिनरल की सिंथेटिक?

कधीमधी वापर असेल तर मिनरल पुरेसं आहे. दिवसभर यंत्र चालत असेल तर महाग असलं तरी सिंथेटिक परवडू शकतं, कारण ते उष्णतेत जास्त टिकतं आणि कार्बन कमी धरतं. एकावरून दुसऱ्यावर जाताना जुनं ऑइल पूर्ण काढा. काही सिंथेटिक ऑइल मिनरलमध्ये मिसळतच नाहीत.

कधी बदलायचं?

• इंजिन: जीएक्स १६० साठी पहिल्यांदा २० तासांनी किंवा महिन्याने, नंतर दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी. यातलं जे आधी येईल ते.
• पंप: नव्या पंपाचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं, कारण त्यात सुरुवातीच्या घासणीचा धातूचा चुरा असतो. पुढचे तास मॅन्युअलप्रमाणे.
• ऑइल दुधाळ किंवा काळं दिसलं, तर तास मोजत बसू नका, लगेच बदला.
• टाकीखालचा ड्रेन रोज उघडून पाणी काढा.

दोन्ही डब्यांवर आणि यंत्राच्या दोन्ही झाकणांजवळ मार्करने 'इंजिन' आणि 'पंप' असं लिहून ठेवा. ऑइल भरणारा माणूस दरवेळी तोच असेल असं नाही.