पेव, गढी आणि वेस : रिसोडच्या मुलखातील कुटुंबांनी केलेली अरिष्टाची तयारी (दीर्घ धागा)

‘शिकवणी वर्गांचे पेव फुटले’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापले जाते की त्यातील पेव म्हणजे काय, असा प्रश्न वाचकाला पडेनासा झाला आहे. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेले तळघर. तोंड अरुंद, पोट रुंद. वऱ्हाडात जुने घर पाडून नवे बांधताना अधूनमधून असे एखादे पेव आजही उघडे पडते आणि मग ते मुरूम टाकून बुजवले जाते.

पाऊस गेला, फौज आली किंवा राज्यच उरले नाही, तर घरातील माणसे किती दिवस जगतील? दोनशे वर्षांपूर्वी रिसोडच्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न दर पिढीत एकदा तरी उभा राहत असे, आणि त्याचे उत्तर बव्हंशी त्या खड्ड्यात होते. त्या उत्तराचा आणि ते ज्यांच्याजवळ नव्हते त्यांचा हा इतिहास.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. रिसोड हा आजच्या वाशीम जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. एका अंगाला बुलढाण्यातील मेहकर व लोणार, दुसऱ्या अंगाला हिंगोलीतील सेनगाव, मधून वाहणारी पैनगंगा. वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वापार मानले जात. पयानघाट म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन, बालाघाट म्हणजे दक्षिणेकडील पठार. रिसोड या पठारावरचे. सरहद्दीवरच्या मुलखाचे जे भोग असतात, ते या भागाच्या वाट्याला पुरेपूर आले.

१७२४ मध्ये रिसोडपासून फार दूर नसलेल्या साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला. हैदराबादच्या निजामशाहीचा प्रारंभ बहुधा या लढाईपासून मोजतात. पुढे वऱ्हाडात दोअमल आले : निजामाचे अंमलदार वेगळे, नागपूरकर भोसल्यांचे वेगळे, आणि वसुलीसाठी गाव मात्र एकच. एकाला भरणा केला म्हणून दुसरा परत जाईल, अशी खात्री कोणाला नव्हती. १८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथे भोसले इंग्रजांकडून हरले, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि दोअमल संपला. त्याच सुमारास दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. फौजांनी तुडवलेल्या शेतांवर पाऊसही रुसला. त्यानंतर पेंढारी आले. १८१९ मध्ये दक्षिणेकडच्या भागात हटकर नाईकांचे बंड मोडण्यासाठी हैदराबादच्या फौजेला नोव्हा येथील गढीला वेढा घालावा लागला.

खुद्द रिसोडच्या उंबरठ्यावरचा प्रसंग १८५९ च्या आरंभीचा आहे. हैदराबाद राज्यात अरब आणि रोहिले हे भाडोत्री शिपाई मोठ्या संख्येने होते. पगार थकले की त्यांच्यातील काही टोळ्या लुटीवर उतरत. अशा रोहिल्यांचा पाठलाग करीत हैदराबाद कंटिन्जंटची फौज रिसोडजवळच्या चिचांबा येथे पोहोचली आणि तेथील चकमकीत कॅप्टन मॅकिनन मारला गेला. वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजी व्यवस्थापनाखाली आला होता. म्हणजे कागदोपत्री शांतता प्रस्थापित झाल्यावर सहा वर्षांनी ही लढाई झाली. तहाच्या तारखांवरून गावकऱ्यांच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधणारा इतिहास येथे फसतो.

अशा मुलखात घर चालवणे म्हणजे काय, हे गावाच्या रचनेवरून दिसते. मध्ये उंच पांढरीवर देशमुखाची किंवा पाटलाची मातीची गढी, तिच्या भोवती घरे, घरांभोवती गावकूस, कुसाला वेस. दंगा उसळल्याची वर्दी आली की गुरे आत, बायका-मुले गढीत आणि वेशीचे दार बंद. तोफखाना असलेल्या फौजेपुढे अशी भिंत टिकत नसे, हे खरे. परंतु पेंढाऱ्यांचे बळ वेगात होते. एका गावापाशी दोन दिवस अडकून पडणे त्यांना परवडत नसे. तेवढाच विलंब घडवणे एवढाच मातीच्या भिंतीचा हेतू होता, आणि तो पुष्कळदा साधत असे.

आता त्या भिंतीबाहेर कोण होते, ते पाहावे. वेशीवर पहारा देणारा, चोराचा माग काढणारा, गावाची शीव दाखवणारा, सरकारी भरणा पोहोचवणारा वेसकर हा महार असे. आणि महारवाडा गावकुसाच्या बाहेर असे. धोक्याची पहिली खबर त्याने आणायची आणि पहिला वारही त्याच्याच घरावर पडायचा. गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेची जी गोड वर्णने केली जातात, त्यांत हा तपशील क्वचितच येतो.

हा प्रश्न केवळ वऱ्हाडाचा नाही. १९६१ मध्ये अणुयुद्धाच्या भीतीने अमेरिकेत घरोघरी तळघरे बांधण्याची लाट आली, तेव्हा एल. सी. मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूने ‘अमेरिका’ या साप्ताहिकात असा युक्तिवाद केला की, आपल्या कुटुंबाच्या आश्रयस्थानात घुसू पाहणाऱ्या शेजाऱ्याला बळाने रोखणे हे नीतीला धरून आहे. त्यावर मोठे वादंग झाले. वऱ्हाडातील वेशीवर असा वाद झाल्याची नोंद नाही, कारण दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण हे जातीने आधीच ठरवून टाकले होते.

गढी ही गावाची तयारी. पेव ही घराची.

पेव कोठेही खणता येत नसे. काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते; तिच्यात धान्य एका हंगामात कुजेल. म्हणून गावठाणाची पांढरी किंवा कठीण मुरुमाची, पाण्याचा पाझर नसलेली उंच जागा निवडली जाई. माणूस उतरू शकेल एवढेच तोंड ठेवून आत पोट रुंदावत न्यायचे, आत जाळ करून भिंती शेकून घ्यायच्या, तळाला व कडांना कडबा आणि गवताचा थर द्यायचा, त्यावर उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी ओतायची. वर पुन्हा गवत, त्यावर दगडी शिळा, आणि शिळेच्या सांध्यांवर माती-शेणाचा लेप. काही पेवे घरातच, बैठकीच्या किंवा गोठ्याच्या जमिनीखाली असत. वर अंथरूण टाकले की शत्रूला पत्ता लागत नसे. जळत्या गावातही जमिनीखालचे धान्य शाबूत राहू शके, हा पेवाचा कणगीवरचा मोठा फायदा.

यामागचे शास्त्र साधे आहे. बंद पेवात धान्य आणि त्यातील किडे श्वसन करीत राहतात. प्राणवायू संपतो, कर्बवायू साचतो आणि किडे मरतात. त्यानंतर ज्वारी चार-पाच वर्षे, कोरड्या जागी त्याहूनही अधिक काळ, खाण्याजोगी राहते. कडेची थोडी काळवंडते, तिला एक आंबूस वास येतो, आणि त्या भाकरीची सवय करून घ्यावी लागते. पेरणीसाठी मात्र ती भरवशाची नाही. किडे मारणारा हाच वायू माणसालाही मारतो. पेव उघडल्यावर ते बराच वेळ तसेच ठेवायचे, मग दोरीने जळता दिवा आत सोडायचा, आणि तो विझला तर कोणी उतरायचे नाही, हा नियम घरातील लहानथोरांना ठाऊक असे.

रोजच्या वापराचे धान्य शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात. बियाणे राख व कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात, आणि ती मडकी उतरंडीला. बियाणाच्या मडक्याला उपासमारीतही हात लावायचा नाही, हा दंडक बहुतेक घरांत स्त्रियांच्या हाती असे. ते खाल्ले तर पाऊस पडूनही पुढचे वर्ष बुडाले. चांदी बाईच्या अंगावर, थोडी चुलीमागे पुरलेली. त्यापलीकडे रान होते : तरोट्याची कोवळी भाजी, मोहाची फुले, उंबरे, चिंचोके, आंब्याच्या कोयी. कोणते कंद किती वेळा उकळले म्हणजे विषारी राहत नाहीत, हे ज्ञान ज्यांच्या घरी पेव नव्हते त्यांच्याजवळ अधिक होते.

आणखी एक तयारी अशी, जी तयारी म्हणून सहसा ओळखली जात नाही : सोयरीक. १९८९ मध्ये मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी इक्रिसॅट या संस्थेने पाहणी केलेल्या खेड्यांच्या आधारे असे दाखवले की, ज्यांच्या लेकी-सुना दूरदूरच्या गावांशी नाते जोडतात, त्या कुटुंबांचा खाण्यापिण्याचा खर्च पीक बुडालेल्या वर्षी तुलनेने कमी घसरतो. कारण उघड आहे. सगळीकडचा पाऊस एकदम जात नाही. या पाहणीतील खेड्यांत अकोला जिल्ह्यातील कानझरा होते, आणि वाशीम-रिसोडचा भाग त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होता. अर्थात लेकीला विम्याचा हप्ता म्हणून पाहण्याची ही पद्धत तिच्या बाजूने कशी दिसत असेल, हे त्या आकडेवारीत नाही.

मग ही सारी व्यवस्था १८९९ मध्ये कोठे गेली?

ती त्याआधीच्या चाळीस वर्षांत रिकामी होत गेली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात मँचेस्टरला वऱ्हाडी कापसाची गरज पडली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तेथे आले होते. कापसाखालची जमीन वाढत गेली, सारा रोखीत भरायचा असल्याने रोख देणारे पीक घेणे भाग पडले, आणि ज्वारीचा जो साठा पेवात जायचा तो भाव आला की बाजारात जाऊ लागला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात हाच संबंध तपशीलाने मांडला आहे. शेतकऱ्याला मूर्ख ठरवण्याचे येथे कारण नाही. लूट थांबली होती, रस्ते झाले होते, धान्य लपवण्याचे कारण उरले नव्हते. अरिष्ट पुन्हा येणार नाही असे मानण्याजोगी परिस्थिती खरोखरच दिसत होती.

त्यात पूर्वीची एक आडवाटेची मदतही गेली. रेल्वेआधी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून बंजाऱ्यांचे तांडे घाटावर येत. रेल्वेने त्यांचा व्यापार मोडला. पण वाशीम-रिसोडच्या पठारावर रेल्वे स्वतः काही आली नाही. धान्य अकोल्यापर्यंत आगगाडीने, पुढे बैलगाडीने. आणि ज्या वर्षी चारा नसतो, त्या वर्षी बैलच आधी मरतात.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. ज्यांच्याजवळ साठा होता, तो त्यांनी खाल्ला किंवा विकला. पेव पुन्हा भरायला दोन-तीन चांगले हंगाम लागतात, आणि तेवढा अवधी मिळाला नाही. १८९९ चा पाऊस गेला. विक्रम संवताच्या १९५६ वरून उत्तरेत त्याला छप्पनिया म्हणतात. सरकारने दुष्काळ संहितेप्रमाणे खडी फोडण्याची कामे काढली, अन्नगृहे उघडली. कामावरच्या गर्दीत पटकी पसरली. तेव्हाच्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे ३ लाख ९८ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लाख ५३ हजार भरली. सबंध वऱ्हाडाची घट सुमारे पाच टक्के, एकट्या वाशीमची अकरा टक्क्यांहून अधिक. त्यात गाव सोडून गेलेलेही आहेत. तरीही ज्या जिल्ह्यात दहा वर्षांत माणसे वाढायला हवी होती, तेथे दर नवांमागे एक माणूस कमी झाले होते.

आणि आधी कोण गेले असेल, हे बलुत्याच्या हिशेबावरून समजते. कुणब्याच्या खळ्यावर रास पडली तर महार, मांग, चांभार यांचे बलुते. रास नाही तर काहीच नाही. शेतमजुराचेही तेच. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची जी मीमांसा केली, तिचे मर्म असे की माणसे धान्य नसल्यामुळे मरतात त्यापेक्षा अधिक, धान्यावर हक्क सांगता येत नसल्यामुळे मरतात. पेवातील धान्यावर तो हक्क पेवाच्या मालकाचा होता. चांगल्या धन्याने गड्याला पायलीभर ज्वारी दिली असेल, दामाजीपंतांसारखी कोठारे उघडल्याच्या कथा म्हणूनच या समाजाने जपल्या. पण तो उपकार होता.

१९७२ च्या दुष्काळात आधार पेवांचा नव्हता. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. नाला-बांध, रस्ते, पाझर तलाव यांवर जात पाहून हजेरी नाकारण्याची मुभा कायद्याने कोणाला नव्हती. मजुरी मिळे, मुलांना सुकडी मिळे, आणि शिधापत्रिकेवर अमेरिकेतून जहाजाने आलेली लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला चव नव्हती, ती थापताना तुटत असे, जनावरांचे खाद्य म्हणून तिला नावे ठेवली गेली. ती गावकुसाच्या आत आणि बाहेर सारख्याच भावाने मिळत होती.