मूर्तीची ओळख आणि फिल्म धुण्याचे रसायन

१/ ऑगस्ट २०२२. जालना जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील राममंदिरातून पंचधातूच्या पुरातन मूर्ती चोरीस गेल्या. ऑक्टोबरमध्ये त्यांतील काही मूर्ती पोलिसांनी हस्तगत केल्या. अशा प्रसंगी ‘हीच ती मूर्ती’ हे ठरवण्यास केवळ आठवण पुरत नाही. झीज, ओतकामातील खळगा, तुटलेली कड स्पष्ट दाखवणारे छायाचित्र हाती असावे लागते.

२/ कलावस्तूंच्या नोंदीसाठी १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा आंतरराष्ट्रीय नमुना आला. त्यातील पहिली सूचनाच छायाचित्र घेण्याची आहे. कृष्णधवल फिल्मवर मात्र मूर्तीची झीज उमटणे जितके कॅमेऱ्यावर, तितकेच डेव्हलपरवर अवलंबून असते. प्रकाश लागलेल्या क्षारकणांचे काळ्या चांदीत रूपांतर करणारा द्रव म्हणजे डेव्हलपर. त्याच्या निवडीला सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

३/ १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची काच प्रचारात आणली. ती धुण्यास मायफळातील गॅलिक आम्लापासून बनणारे पायरोगॅलॉल किंवा आपल्या परिचयाचा हिराकस वापरीत. काच वाळण्यापूर्वीच, म्हणजे काही मिनिटांतच, सारे उरकावे लागे. उन्हाळ्यात ती मुदत आणखी आखूड होई. म्हणून छायाचित्रकार तंबूतली डार्करूम बरोबर घेऊन फिरत.

४/ त्याच काळात मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्यात होते. १८४४ पासून त्यांनी भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती आणि ती १८६४ मध्येच ग्रंथरूपाने छापली गेली होती. वर्षानुवर्षांचे रंगकाम जळाले. छापलेली छायाचित्रे उरली.

५/ जांब समर्थचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळात जिलेटिनची कोरडी काच रूढ झाली. टिपणे आता, धुणे नंतर, ही सवड त्यामुळे मिळाली आणि डेव्हलपर विचारपूर्वक निवडता येऊ लागला. दीनदयाळांच्या २८५७ काच-निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

६/ काचेची जागा पुढे लवचिक फिल्मने घेतली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, तेव्हा फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या प्रयोगशाळेत एक मराठी गृहिणी उभी होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

७/ चित्रपटाच्या गरजेतूनच १९२० च्या दशकात कोडॅकचा डी-७६ जन्मला. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. भरपूर सल्फाइट चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवते. कण बारीक दिसतात, रेषेची धार मात्र थोडी बोथट होते.

८/ त्याच्या उलट वृत्तीचा रॉडिनाल. अ‍ॅग्फाने तो १८९१ मध्ये आणला. बराच पातळ करून वापरला की कडा धारदार येतात, पण कण उघडे पडतात. शिलालेखाचे अक्षर वाचायचे असेल तर ही धार उपयोगी. मूर्तीच्या गालावरील मंद छाया जपायची असेल तर डी-७६ अधिक विश्वासाचा.

९/ मराठवाड्यात तिसरा विचार उन्हाचा. धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश, आणि जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा. गरम द्रवात जिलेटिन फुगते, धुण्याचा वेळ पाच मिनिटांच्या आत आला की डाग पडतात. म्हणून उष्ण प्रदेशासाठीच्या जुन्या सूत्रांत सोडियम सल्फेट घालीत. त्याने फुगणे आवरते. पाणी जड असेल तर डिस्टिल्ड वॉटर घेणे बरे.

१०/ शेवटी गाभारा. समईच्या उजेडात धातू लखलखतो, कोनाडा काळोखात बुडतो. फिल्मला प्रकाश काळोखाच्या हिशोबाने द्यावा आणि धुण्याचा वेळ लखलखाटाच्या हिशोबाने कमी करावा. डी-७६ मध्ये तितकेच पाणी मिसळले तर उजळ भागातील द्रव लवकर थकतो आणि चमकेखालची झीज शाबूत राहते.

११/ डेव्हलपरची निवड हा म्हणूनच निव्वळ आवडीचा प्रश्न नाही. वस्तूचा कोणता तपशील पुढच्या पिढीस दिसावा, हे तिथे ठरते. हायपोत नीट स्थिर केलेली, स्वच्छ धुतलेली निगेटिव्ह शंभर वर्षे सहज टिकते. गावोगावच्या मंदिरांतील मूर्तींची अशी नोंद चोरी होण्याआधीच व्हावी लागते; नंतर टिपण्यास रिकामे सिंहासन उरते.