कुमारी ते श्रीमती : नावाआधीच्या उपाधींची गोष्ट

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला होता. मात्र मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आख्यायिका आहे. देवीच्या अविवाहित असण्याला भक्तांनी कधी उणेपण मानले नाही. लौकिक जीवनातील स्त्रीची ओळख मात्र दीर्घकाळ विवाहाशीच जोडली गेली.

मराठीत अविवाहितेस 'कुमारी' (कु.), विवाहितेस 'सौभाग्यवती' (सौ.) आणि विधवेस 'गंगाभागीरथी' (गं. भा.) असे लिहिण्याचा प्रघात पडला. लग्नपत्रिकेतील वधू 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असते. पुरुषाच्या नावाआधीचे 'श्री.' मात्र विवाहापूर्वी, विवाहानंतर आणि पत्नीच्या निधनानंतरही बदलत नाही.

हा भेद केवळ मराठीपुरता नाही. जर्मन भाषेत विवाहितेस 'फ्राउ', तर अविवाहितेस 'फ्रॉइलाइन' म्हणत. 'फ्रॉइलाइन' हे 'फ्राउ'चे लघुत्वदर्शक रूप असून व्याकरणात ते नपुंसकलिंगी आहे. प्रारंभी ही उपाधी उच्चकुलीन कन्यांसाठी होती. पुढे ती सर्वसामान्य झाली. एकेकाळी तेथे शिक्षिकांना विवाह करताच नोकरी सोडावी लागे. त्यामुळे 'फ्रॉइलाइन' हे शिक्षिकेचेही संबोधन बनले. वय कितीही झाले तरी अविवाहिता 'लहान'च ठरते, हा आक्षेप स्त्रियांनी घेतला. अखेर १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीच्या शासकीय व्यवहारातून हा शब्द वगळण्यात आला आणि सर्व प्रौढ स्त्रियांसाठी 'फ्राउ' रूढ झाले.

महाराष्ट्रात हा वाद एप्रिल २०२३ मध्ये ऐरणीवर आला. 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगाभागीरथी' वापरण्याच्या प्रस्तावावर चर्चा करण्याची सूचना तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विभागाला केली होती. त्यावर टीका होताच, कोणताही निर्णय झालेला नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले. शब्द आदरार्थी असला, तरी वैधव्य नावाआधी मिरवण्याची सक्ती कशासाठी, हा त्या टीकेमागील प्रश्न होता.

'श्रीमती' हा त्यावरील सोयीचा पर्याय. काही घरांत तो विधवेपुरता मानला जात असला, तरी अर्थाने तो 'श्रीमान'चे स्त्रीरूप आहे आणि त्यात विवाहाचा उल्लेख नाही. मराठी शाळांतील 'बाई' हे संबोधनही असेच. वर्गातील मुले बाईंच्या विवाहाची चौकशी न करताच त्यांना मान देतात. अंबाजोगाईच्या कुमारिका देवीलाही भक्त 'जोगाई' म्हणतात. त्या नावात 'आई' आहे आणि त्यासाठी विवाहाची अट नाही.