छप्पर नसलेल्यांचे दान

पाळकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा वरचष्मा नको, म्हणून १८ मे १८४३ रोजी स्कॉटलंडमधील साडेचारशेंहून अधिक पाळकांनी प्रस्थापित चर्च सोडले. घर आणि वेतनही सुटले. काही जमीनदारांनी मंदिरासाठी जागा नाकारली. खेड्यांतील भाविक मग माळरानावर, धान्याच्या कोठारात उपासनेस जमू लागले. त्यांच्या वर्गणीवर ‘फ्री चर्च’ उभे राहिले. त्याच चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. १८८३ पासूनचे हिस्लॉप कॉलेज त्यांचे स्मरण देते. ते आपल्या पंथाचे नव्हते. तरी स्वतःचे मंदिर उभे नसताना परक्या मुलांसाठी देणाऱ्या त्या खेडुतांचा धडा, प्रिय वाचकहो, आपल्याही धर्मग्रामाने गिरवावा.