शब्दांधतेचा शोध

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास ‘ढ’ म्हणण्याचा आपल्या शाळांतील प्रघात जुना आहे. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत साऱ्या अक्षरांनी रूपे पालटली, एकटा ‘ढ’ तेवढा होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची एक उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, ज्या मुलास अक्षर लागत नाही त्याला नेमके एका अक्षराचेच नाव चिकटावे, यातील क्रौर्य आमच्या फार उशिरा ध्यानात आले. यांपैकी कित्येक मुले मंदबुद्धीची मुळीच नव्हती, हे वैद्यांना प्रथम कसे कळले आणि कळल्यावरही शाळेच्या उंबरठ्यापर्यंत ते पोचावयास किती काळ लागला, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभ मुलांपासून झाला नाही. मेंदूला इजा झालेल्या काही प्रौढ रुग्णांची दृष्टी शाबूत, बोलणे शाबूत, परंतु छापील शब्द मात्र त्यांना वाचता येईनासा होई. जर्मन वैद्य कुस्माउल यांनी १८७७ साली या अवस्थेस ‘शब्दांधता’ हे नाव दिले. १८८७ साली श्टुटगार्टचे नेत्रवैद्य बेर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द रूढ केला. हे सारे रुग्ण आधी वाचावयास शिकलेले होते. आलेली विद्या गेली, एवढीच त्यांची कथा. जी विद्या मुळात येतच नाही तिचा विचार अद्याप कोणाच्या मनात आला नव्हता.

तो आला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड या गावी. तेथील एक साधे वैद्य, प्रिंगल मॉर्गन, यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात बरोबरीच्या मुलांहून कोठेही उणा नाही. सात वर्षांचा असल्यापासून शाळेत आणि खासगी शिक्षकांकडे त्याच्यावर मेहनत घेतलेली. तरी एका अक्षराचे शब्द वाचतानाही त्याची त्रेधा उडे. स्वतःचे नावदेखील त्याने ‘प्रेसी’ असे लिहिले आणि दोनदा सांगितल्यावाचून चूक त्याच्या लक्षात आली नाही. मात्र ७४९ ला ८६७ ने गुणावयास सांगताच त्याने झटकन अचूक उत्तर दिले. अंक त्याला दिसत होते, कळत होते. शब्द मात्र जणू परक्या देशाचे. या लेखातील सर्वांत मोलाचे निरीक्षण वैद्याचे नसून शाळामास्तरांचे आहे, असे आम्हांस वाटते. शिक्षण सारे तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा अभिप्राय त्या मास्तरांनी दिला होता. मास्तरांचे नाव इतिहासाने जपले नाही. रोज त्या मुलाकडे पाहणाऱ्या माणसाने वाचन आणि बुद्धी या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या. पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाने बहुतांशी त्याचेच म्हणणे नाना उपकरणांनी पडताळून पाहिले.

ग्लासगोचे नेत्रशल्यवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी हे सूत्र उचलले व १९१७ साली जन्मजात शब्दांधतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे वैगुण्य वेळीच ओळखले नाही तर अशा मुलांना जडबुद्धी समजून एक तर वाऱ्यावर सोडले जाईल किंवा ज्यात त्यांचा काडीचाही दोष नाही त्यासाठी छडी मिळेल, असे त्यांनी आधीच बजावले होते. दोष डाव्या मेंदूतील शब्दस्मृतीच्या केंद्रात आहे, हे त्यांचे मत. उपाय मात्र साधा: मुलास एकट्याला बसवून, थोडा थोडा वेळ, पण वारंवार शिकवावे.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले. आयोवा राज्यातील मनोवैद्य सॅम्युएल ऑर्टन यांच्याकडे १९२५ च्या सुमारास १६ वर्षांचा एक मुलगा आला. बुद्धिमापनाचा अंक निघाला ७१. ऑर्टन यांनी त्याच्याशी यंत्रांविषयी गप्पा मारल्या आणि हा आकडा मुलावर अन्याय करतो, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे; अशी अक्षरे ही मुले उलटसुलट करतात, हे पाहून मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचे प्रभुत्व नीट न ठरल्याने हा गोंधळ होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. सिद्धान्त टिकला नाही. परंतु त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी जी अध्यापनपद्धती रचली ती टिकली: अक्षर पाहावयाचे, त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारावयाचा, त्याच वेळी हाताने गिरवावयाचे आणि पहिले पक्के झाल्यावाचून दुसऱ्यास हात घालावयाचा नाही. पाटीवर धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या आपल्या जुन्या पंतोजींना यात नवल वाटले नसते. त्यांच्या छडीचे समर्थन आम्ही करीत नाही, एवढेच.

खोट डोळ्यांत नाही हे हळूहळू उमगले. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतील वेगळ्या ध्वनीचा शब्द ओळखावयास सांगितले व पुढे काही वर्षे त्यांच्या वाचनावर नजर ठेवली. १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्यांना ध्वनी वेगळे करता येत नव्हते ती वाचनात मागे राहिली. त्यांतील ६५ मुलांवर दोन वर्षे प्रयोग झाला. ध्वनींबरोबर ज्यांच्या हाती अक्षरांचे ठोकळेही दिले त्यांची प्रगती सर्वांत अधिक झाली. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडता न येणे, हे बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ होते.

दरम्यान प्रश्न वैद्यांकडून शासनाकडे गेला होता. १९६३ साली शिकागो येथे जमलेल्या पालकांसमोर सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ हे नाव वापरले. १९७५ च्या कायद्याने अशा मुलांना अमेरिकेत शिक्षणाचा हक्क मिळाला; १९७७ च्या नियमांनी ओळखीची कसोटी ठरविली: बुद्धी आणि संपादणूक यांत मोठी तफावत हवी. कचेरीत बसणाऱ्यांस अशी कसोटी प्रिय असते, आम्ही त्यातलेच. परंतु तफावत कागदावर दिसण्याइतकी वाढेपर्यंत मुलाची तीन-चार वर्षे नापास होण्यात जात. २००४ साली तिची सक्ती गेली.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १९९६ साली शालान्त परीक्षेत अशा मुलांस जादा वेळ इत्यादी सवलती दिल्या. १९९५ च्या केंद्रीय अपंगत्व कायद्यात त्यांचा उल्लेखही नव्हता. तो २०१६ च्या कायद्यात आला. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी, तपासणीची साधने इंग्रजीच होती. ही अडचण लहान नाही. इंग्रजीत एकाच अक्षरसमूहाचे अनेक उच्चार. देवनागरीत तसे नाही. २००१ साली इटालियन, फ्रेंच व इंग्रज वाचकांवर एक अभ्यास झाला. सुबोध लेखनपद्धतीच्या इटालियनांचे वाचन इतरांहून बरे निघाले, पण मेंदूतील उणीव तिन्ही देशांत एकाच जागी होती. म्हणजे उच्चारानुसारी लिपी दुखणे बरे करीत नाही, झाकून ठेवते. मराठी मूल चुकेल कमी, अडखळेल ते जोडाक्षरांत आणि मात्रांत, आणि वाचील अतिशय सावकाश. त्याला आपण आळशी म्हणून मोकळे होऊ.

बदलीच्या नोकरीतील घरांत गुंता आणखी वाढतो. नागपूरला मराठी, कटकला उडिया, चेन्नईला तमिळ अशा फेऱ्यांत मूल मागे पडले तर दोष नव्या लिपीचा की मुळातला? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या चार भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी या दृष्टीने उपयोगी आहे. मूल ज्या भाषांत शिकले त्या प्रत्येकीत त्याला तपासावे, असे या विषयाचे जाणकार सांगतात. अडचण केवळ नव्या लिपीपुरती असेल तर सरावाने ती ओसरते. घरच्या भाषेतही तीच असेल, तर बदली रद्द करून घेण्यापेक्षा शिकवण्याची रीत बदलावी लागते.