पॉवर स्टिअरिंग ऑइल: कसं तपासायचं, कसं बदलायचं?

पार्किंगमध्ये गाडी वळवताना स्टिअरिंग जड लागतंय? बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा आवाज येतोय? मग पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघायला हवं. पण त्याआधी एक प्रश्न: तुमच्या गाडीत हे ऑइल आहे का?

आताच्या स्विफ्ट, बलेनो, टियागो, नेक्सॉन या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. तिथे मदतीचं काम मोटर करते, ऑइल नसतंच. त्यामुळे अशा गाडीच्या सर्व्हिस बिलात 'पॉवर स्टिअरिंग ऑइल' दिसलं तर बिनधास्त विचारा, ते नेमकं कुठे ओतलं! बोलेरो, जुनी इनोव्हा, पॉवर स्टिअरिंगवाली इंडिका अशा गाड्यांत मात्र हायड्रॉलिक सिस्टीम असते. इंजिनचा बेल्ट पंप फिरवतो, पंप ऑइलवर दाब टाकतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार हवा असते; इथे दाब कित्येक दहा बारपर्यंत जातो.

लेव्हल कशी बघायची?

गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ, इंजिन बंद. बेल्टच्या बाजूला छोटी डबी दिसेल, झाकणावर स्टिअरिंगचं चित्र असतं. काही डब्या पारदर्शक असतात, काहींच्या झाकणालाच पट्टी असते. आजूबाजूची धूळ पुसूनच झाकण उघडा, आत कण गेला तर थेट पंपात जातो. खुणा बऱ्याचदा दोन जोड्यांत असतात: 'हॉट' आणि 'कोल्ड'. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून सकाळी थंड गाडीत 'कोल्ड'ची खूणच बघायची. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लाल एटीएफ असेल तर लालसर आणि पारदर्शक दिसायला हवं. काळपट किंवा जळका वास म्हणजे बदलायला झालं. फेस दिसला तर सिस्टीममध्ये हवा शिरलीय.

लेव्हल कमी आहे? मग आधी गळती शोधा

बहुतेक जण इथेच चुकतात, मीसुद्धा चुकलो होतो. काकांची जुनी डिझेल गाडी वापरायचो तेव्हा दोन महिन्यांत तीनदा टॉप-अप केला आणि निवांत राहिलो. एका रविवारी घाटात वळणावर स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. कशीबशी गाडी कडेला घेतली. प्रेशरचा पाइप जोडाजवळ फाटला होता. हे ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही, सिस्टीम बंदिस्त असते. लेव्हल उतरली म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडतंय. गरम एक्झॉस्टवर सांडलं तर आगसुद्धा लागू शकते. दर रविवारी डबीचा एकाच कोनातून फोटो काढा, महिन्याभरात फरक कळेल.

आणि हो, ऑइल गेलं तरी चाकं वळतात, फक्त खूप जोर लागतो. त्यामुळे घाबरून स्टिअरिंग सोडू नका, दोन्ही हातांनी धरा. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्यांचीही हीच गत होते, कारण पंप इंजिनवरच चालतो. वर ब्रेकही जड होतात.

कुठलं ऑइल घ्यायचं?

झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. पुष्कळ गाड्यांना डेक्स्रॉन प्रकारचं एटीएफ चालतं, होंडा स्वतःचं वेगळं ऑइल सांगते, काही युरोपियन गाड्यांना हिरवं लागतं. नुसत्या रंगावरून ठरवू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकायचं नाही, त्याने इथले रबरी सील फुगून खराब होतात.

घरी बदलायची सोपी पद्धत

मोठी सिरिंज आणि पाइपचा तुकडा घ्या. डबीतलं जुनं ऑइल ओढून काढा, नवीन भरा. इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत हळू फिरवा, पण टोकाला धरून ठेवू नका, तिथे दाब आणि तापमान दोन्ही वाढतं. इंजिन बंद करा आणि पुन्हा तेच. समजा सिस्टीममध्ये १ लिटर ऑइल आहे आणि दरवेळी ३०० मिली निघतं. मग एका फेरीनंतर ७० टक्के जुनं उरतं, तिसरीनंतर ३४ आणि पाचवीनंतर साधारण १७ टक्के. म्हणून एकदाच बदलून 'झालं' म्हणू नका. मी दोन फेऱ्यांमध्ये आठवडाभर गाडी चालवतो, ऑइल नीट मिसळतं.

पूर्ण फ्लशसाठी रिटर्न पाइप सोडवून पुढची चाकं उचलावी लागतात आणि डबी क्षणभर जरी रिकामी राहिली तरी पंप कोरडा फिरतो. ते काम गॅरेजमध्येच करा. शेवटी आवाज येत राहिला तर हवा उरलीय. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू १५-२० वेळा इकडून तिकडे फिरवायला सांगा, मध्ये मध्ये लेव्हल भरत.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, तिथे जुन्या इंजिन ऑइलचा ड्रम असतो, त्यातच तेही जातं.