तबकडीवर नाव कुणाचं?

(सेलू येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की महागडी घड्याळं, स्वित्झर्लंडच्या कंपन्या, मोठमोठे चित्रकार यांचं सेलूत काय काम? प्रश्न रास्त आहे. पण आज मी घड्याळांच्या किमती सांगायला आलेलो नाही. मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या सुंदर वस्तूवर नाव कुणाचं असतं? विकणाऱ्याचं, विकत घेणाऱ्याचं, की ती हातानं सजवणाऱ्याचं? हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. पैठणी पिढ्यान् पिढ्या नेसली गेली, पण पदरावरचा मोर कुणी विणला हे आपण कधी विचारलं? बिदरी काम आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातलं. त्या सुरईवर चांदीची वेल कुणी ठोकली? गावाचं नाव राहिलं, कारागिराचं गेलं. घड्याळाचा इतिहास याच वाटेनं चालला, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत त्याला एक वळण मिळालं. त्या वळणाबद्दल आज बोलू.

आधी शब्दच बघा. घड्याळ म्हणजे मुळात काटे नव्हेत. पाण्यावर ठेवलेलं, तळाला छिद्र असलेलं भांडं बुडालं की एक घटका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटं. घटका भरली की काशाच्या जाड थाळीवर टोला द्यायचा. त्या थाळीला घडियाल म्हणत आणि टोला देणाऱ्याला घडियाली. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या या घडियालींची नोंद केली आहे. लग्नात घटिकापात्र ठेवायची पद्धत तर आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली आहे. म्हणजे वेळ ही सगळ्या गावाला ऐकू येणारी गोष्ट होती. ती खिशात आणि मनगटावर गेली, तेव्हा ती मिरवायची वस्तू झाली. आणि मिरवायचं म्हटलं की चित्रकार आलाच.

युरोपात हे सतराव्या शतकात झालं. जिनिव्हात घड्याळांच्या झाकणांवर मीनाकारीची चित्रं काढू लागले. मीनाकारी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. काचेची रंगीत पूड धातूवर बारीक कुंचल्यानं लावायची आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत घालायची. काच वितळून धातूला धरते. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. एका चित्रासाठी दहा-बारा वेळाही भट्टी लागते, आणि शेवटच्या वेळी तडा गेला तर आधीचं सगळं फुकट. जयपूरच्या मीनाकारांना हे कष्ट चांगले ठाऊक आहेत.

आता गंमत बघा. त्या काळी जिनिव्हातलं ह्युओ नावाचं एक घराणं मीनाकारीसाठी प्रसिद्ध होतं, आणि ते भाऊ आपल्या चित्रांवर सही करत. म्हणजे सुरुवातीला सही होती. पुढे धंदा वाढला, कामाची वाटणी झाली. एक जण फक्त काटे करणार, एक जण फक्त तबकड्या, एक जण फक्त चित्र. चीनसाठी, तुर्कस्तानसाठी ढीगभर चित्रांची घड्याळं जाऊ लागली. काही मोठ्या मीनाकारांची नावं टिकली, पण बहुतेक हात निनावी झाले. तबकडीवर एकच नाव उरलं, ते पेढीचं.

हाच माल आपल्याकडे आला. फाव्र-ल्यूबा, आपले जुने लोक जिला फेवर लुबा म्हणत, त्या स्विस घराण्यातले फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि मुंबईत पेढीचा जम बसला. त्याच शतकाच्या अखेरच्या काळात वेस्ट एंड वॉच कंपनी मुंबईत उभी राहिली. तिची घड्याळं लष्करात आणि रेल्वेत गेली. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर, म्हणजे आपल्या सेलू स्टेशनावरून, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर गाड्या धावू लागल्या, तेव्हा घड्याळ ही इथंही गरजेची वस्तू झाली. पण ते साधं घड्याळ. संस्थानिकांचा शौक वेगळा.

त्या शौकाची एक गोष्ट घड्याळांच्या इतिहासात नेहमी सांगतात. १९३०च्या सुमाराला सेझार द त्रे हा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, अशी तक्रार ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे केली. काच वाचेल असं घड्याळ बनव म्हणाले. तो परत गेला, आणि रेने-आल्फ्रेड शोवो या अभियंत्यानं फिरवून पालथं करता येणारं घड्याळ आखलं. ४ मार्च १९३१ला पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. हेच ते रिव्हर्सो. पुढे ते जेजर-लकूल्त्र या नावानं जगभर गाजलं.

पण घड्याळ पालथं केलं की वर काय येतं? धातूची कोरी पाठ. आता कोरी जागा दिसली की माणूस गप्प बसतो का? कुणी तिथं घराण्याचं चिन्ह कोरून घेतलं, कुणी आद्याक्षरं, कुणी मीनाकारीत चित्र. १९३६ सालचं, एका भारतीय स्त्रीचं मीनाकारीतलं चित्र असलेलं रिव्हर्सो आजही संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. गरज खेळाची होती, घडली मात्र चित्राची जागा. त्या पाठीवर चेहरा मालकाचा किंवा त्याच्या माणसाचा, पुढे नाव कंपनीचं. कुंचला धरणारा कुठेच नाही.

आता मनगट सोडून जरा वर बघू. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी निदान चित्रात पाहिलाय. उंची सुमारे २८० फूट. १८६९ मध्ये पायाभरणी, १८७८ मध्ये काम पूर्ण. प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी २ लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव त्याला दिलं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या पेढीचं. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण त्या टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. ते कुणी घडवले? जुन्या नोंदींत नाव सापडतं, रावबहादूर मुकुंद रामचंद्र. हे बांधकामावरचे सहायक अभियंते. पुतळ्यांचे नमुने त्यांनी तयार केले आणि इथल्याच पाथरवटांनी ते दगडात उतरवले. माझ्या मते घड्याळ आणि कलावंत यांची महाराष्ट्रातली ही सर्वांत मोठी जोडी. हिशेब मांडा. पैसा देणाऱ्याच्या आईचं नाव इमारतीला मिळालं. आराखडा करणाऱ्याचं नाव सगळ्या पुस्तकांत आलं. नमुने करणाऱ्याचं नाव जुन्या नोंदीत एका ओळीपुरतं राहिलं. आणि ज्यांनी छिन्नी धरली त्यांचं एकही नाव नाही. ज्यांच्यासारख्या माणसांचे पुतळे घडवले, त्यांच्यातलेच ते होते.

मग वळण कधी आलं? १९६९ मध्ये जपानच्या सेइकोनं क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. बॅटरी, एक स्फटिक, आणि चावी द्यायची भानगड नाही. शिवाय वेळ चावीच्या घड्याळापेक्षा अचूक. पुढच्या दशकात क्वार्ट्झ स्वस्त होत गेलं आणि स्वित्झर्लंडचं कंबरडं मोडलं. १९७०च्या सुमाराला तिथं सुमारे ९० हजार लोक या धंद्यात होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तीस-पस्तीस हजारांवर आले. अचूक वेळ आता कुणीही विकू शकत होतं. मग स्विस घड्याळ घ्यायचं कशासाठी? उत्तर त्यांना कलेत सापडलं.

१९८३ मध्ये स्वॉच हे प्लॅस्टिकचं घड्याळ आलं. १९८५ मध्ये किकी पिकासो या फ्रेंच चित्रकारानं त्याच्या मोजक्याच प्रती रंगवल्या, प्रत्येकीचे रंग निराळे. १९८६ मध्ये अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंगची स्वॉच आली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत खडूनं चित्रं काढणारा हा माणूस. त्याच्या घड्याळाची किंमत होती ५० डॉलर. १९८८ मध्ये मोव्हाडोनं अँडी वॉरहॉलचं घड्याळ काढलं. पाच घड्याळं एका पट्ट्यात, प्रत्येकावर न्यूयॉर्कचं छायाचित्र. वॉरहॉल त्याआधीच, १९८७ मध्ये वारला होता. आणि अलीकडे, २०२१ मध्ये, हुब्लोनं जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीचं हसरं फूल घड्याळात बसवलं, पाकळ्या फिरणारं. फक्त २०० नग.

या सगळ्यांत समान काय? कलावंताचं नाव पुढे आलं. घड्याळ खपतंच त्या नावावर. मीनाकाराला जे तीन शतकं क्वचित मिळालं, ते आता जाहिरातीचं मुख्य वाक्य झालं.

पण फार हुरळून जायला नको. याच मोव्हाडोची सर्वांत ओळखीची तबकडी म्हणजे काळी, आकडे नाहीत, बाराच्या जागी एक सोनेरी ठिपका. ती १९४७ मध्ये नेथन जॉर्ज हॉर्विट यांनी आखली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९६० मध्ये ती आपल्या संग्रहात घेतली. तरी आपला हक्क मिळवायला हॉर्विटना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. म्हणजे नाव आधीच मोठं असेल तर कंपनी दार उघडते. नाव नसेल, तर काम घेते.

आपल्या देशात काय झालं? १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं एचएमटीनं बेंगळुरूत घड्याळं करायला घेतली. 'जनता' घराघरांत गेलं, लग्नात जावयाच्या मनगटावर गेलं. १९८०च्या दशकात टायटन आलं. आणि २०२४ मध्ये टायटननं 'जलसा' नावाचं घड्याळ काढलं. फक्त १० नग, किंमत सुमारे ४० लाख रुपये. त्यावर हवामहालचा देखावा लघुचित्रात हातानं रंगवलेला, चित्रकार जयपूरचे पद्मश्री शाकिर अली. जयपूरच्या लघुचित्र परंपरेतल्या हातांचं नाव घड्याळाच्या नावासोबत सांगितलं गेलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, किमतीपेक्षा कितीतरी जास्त.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. जगभरच्या संग्राहकांत एक शब्द चालतो, 'मुंबई स्पेशल'. म्हणजे काय? जुनं एचएमटी, फेवर लुबा किंवा वेस्ट एंड घ्यायचं. तबकडी खराब झालेली असते. ती काढून घासायची, नवा रंग द्यायचा, कंपनीचं नाव पुन्हा छापायचं आणि घड्याळ परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं. कंपनीनं कधीच न केलेले झगझगीत रंग त्यात दिसतात. निळा, केशरी, पोपटी. संग्राहक नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकणं ही फसवणूक आहे. अक्षरं जाड, फेंगडी असतील, ठिपके नीट ओळीत नसतील, तर जपून राहा.

पण दुसरी बाजूही बघा. नखाएवढ्या अक्षरांची ओळ गोल पत्र्यावर उतरवणारा तो हात काही कमी नाही. मुराकामीनं फूल रंगीत केलं तर मर्यादित आवृत्ती, आणि मुंबईच्या गल्लीतल्या रंगाऱ्यानं तबकडी केशरी केली तर नक्कल? फरक आहे, आणि तो खरा आहे. मुराकामी स्वतःच्या नावानं काम करतो, रंगाऱ्याला दुसऱ्याचं नाव लिहावं लागतं. त्याच्या स्वतःच्या नावाला बाजारात भावच नाही. खोटेपणा आहे तो तिथं, त्या भावात. उद्या त्याच कारागिरानं उघडपणे 'ही तबकडी मी रंगवली' असं मागच्या बाजूला लिहिलं, आणि विकणाऱ्यानं तसं सांगून विकलं, तर तीच वस्तू नक्कल न राहता काम होईल. यासाठी कायदा बदलायला नको. गिऱ्हाइकानं एक प्रश्न जास्त विचारायला हवा, इतकंच.

आपल्याला इतिहास शिकवताना राजे आणि पेढ्या शिकवतात. तबकडीवर त्यांचीच नावं असतात, म्हणून ते सोपं जातं. पण तुमच्या घरी आजोबांचं घड्याळ असेल, जात्याची खुंटी असेल, कोरीव दरवाजा असेल, तर तो कुणी केला, कुठल्या गावच्या माणसानं केला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. उत्तर मिळालं तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. मुकुंद रामचंद्रांचं नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते एका ओळीत लिहून ठेवलं होतं. त्या पाथरवटांसाठी तेवढी एक ओळ कुणी लिहिली नाही.